कुत्री सोडणारा गुणाजी

गुणाजीचं काम काय, असं कुणी विचारलं की त्याची बायको सगुणा म्हणायची, "कुत्री सोडतात." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई चेष्टा करतेय. कुत्री काय, कुणीही सोडील! पण साहेबाच्या राज्यात ठाण्याला एवढ्या एका कामासाठी माणूस ठेवलेला होता. त्याला कोलशेतला साहेबाच्या बंगल्यामागे खोली होती, अंगावर खाकी कोट होता, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी माळावर तो उभा राहिला की बडबडणाऱ्या मडमासुद्धा गप्प व्हायच्या.

ती सशाची शर्यत असायची. गवताच्या माळावरून ससे उठवणारे हाकारे पुढे चालायचे, मध्ये गुणाजी. त्याच्या हातात एकच पट्टा आणि त्या पट्ट्याला दोन ग्रेहाउंड कुत्री, एकाच्या गळ्यात लाल फडकं, दुसऱ्याच्या पांढरं. गावातली माणसं हसायची, म्हणायची, साहेब एवढा श्रीमंत पण कुत्र्यांना खायला घालत नाही, बरगड्या बघा! ससा उठला की लगेच सोडायचं नाही. त्याला आधी चांगलं लांब जाऊ द्यायचं, तोपर्यंत दोन्ही कुत्री मागच्या पायांवर उभी राहून गुणाजीचा खांदा उखडायची. मग पट्ट्याला जोडलेली बोटातली कडी ओढायची. दोन्ही गळपट्टे एकदम उघडले पाहिजेत, अमक्याचा कुत्रा आधी सुटला अशी तक्रार कुणी करता कामा नये. घोड्यावरचा पंच मागून दौडत जायचा आणि शेवटी लाल नाहीतर पांढरा रुमाल वर करायचा. ससा मारला म्हणजे जिंकलं, असं मुळीच नव्हतं बरं का. सशाला वळायला लावणं मोठं. पुष्कळदा ससा कुंपणात घुसून सुटायचा आणि साहेब लोक तरी टाळ्या वाजवायचे.

विलायतेत म्हणे हे सगळे नियम शेकडो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा राणीच्या काळात लिहिले गेले. तिकडे हजारोंनी माणसं जमायची. इथं मूठभर साहेब, एक चांदीचा पेला आणि दुपारची बिअर, एवढाच पसारा. पण नियम तिकडचे. त्यातला एक गुणाजीच्या उपयोगाचा होता. ससा फार जवळ उठला तर कडी ओढायची नाही, आणि का ओढली नाहीस असं त्याला साहेबाच्या बापानंही विचारायचं नाही.

"पण ओढायची कधी, ते तुम्हाला कळतं कसं?" सगुणानं लग्नानंतर पहिल्यांदा शर्यत पाहिली तेव्हा विचारलं होतं.

"मला कुठं कळतं? हाताला कळतं," गुणाजी म्हणाला. तेव्हा तो हसायचा, चांगला मोकळा हसायचा.

सत्तेचाळीस साली साहेब निघाला. बोटीवर एवढी कुत्री नेता येत नव्हती, आणि ती इथं कुणाच्या तरी दारात उपाशी मरतील, त्यापेक्षा गोळी बरी, असं त्यानं ठरवलं. ठरवलं त्यानं, आणि धरायला गुणाजी! बंगल्यामागं खाडीच्या बाजूला एकेका कुत्र्याला पट्ट्यात घालून न्यायचं, साहेब बंदूक लावीपर्यंत धरून उभं राहायचं. पट्टा दिसला की कुत्री नाचायची हो. त्यांना वाटायचं, चला, माळावर जायचंय. पहिल्या कुत्र्याला गुणाजी ढसाढसा रडला. दुसऱ्याला डोळे पुसले. मग कधीतरी मधेच त्याला काही वाटेनासं झालं. घरी येऊन हातपाय धुऊन जेवायला बसला आणि पोटभर जेवला. ते पोटभर जेवणं सगुणाच्या मनाला फार लागलं.

एक मात्र वाचली. डचेस नावाची पांढरी कुत्री पायाला कापलं म्हणून सगुणाच्या खोलीत खाटेखाली पडून होती. साहेब दारापर्यंत आला, वाकून बघितलं, सगुणाकडे बघितलं. ती खाटेसमोरून हलली नाही. साहेब गुणाजीला म्हणाला, "इसका दिल खराब है. फिर कभी मत छोड़ना. ये रुकेगी नहीं." आणि तसाच पाठ फिरवून गेला. माणूस वाईट नव्हता म्हणायचं, की होता, हे गुणाजीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

खोली गेली. दोघं कुत्रीला घेऊन कल्याणच्या पुढं मोहन्याला येऊन राहिली. सगुणानं डचेसची ढवळी केली. गाईचं नाव कुत्रीला! पण घरात पाळणा हलला नव्हता, नाव ठेवायची हौस कुठंतरी फिटायला हवीच की. थंडीत तिला गोणपाटाचा अंगरखा शिवला. ताकात भाकरी कुस्करून घालायची, संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून तिचे पाय चोळायची. शेजारची रखमाबाई म्हणायची, "अगं, कुत्री पाळलीयस की बाळंतीण?" सगुणा म्हणायची, "तुला का गं पोटात दुखतंय? तुझेही चोळते, ये." ढवळी तिच्या मांडीवर मान टाकून पडून राहायची.

गुणाजी हे सगळं बघायचा. विटा उचलायला जायचा, लाकडाच्या वखारीत राबायचा, मिळेल ते काम करायचा, आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसायचा. कुणी मेलं तरी तसाच, कुणाचं लग्न असलं तरी तसाच. सगुणाला वाटायचं, आपण एका खांबाशी संसार करतोय. ती तसं त्याला तोंडावर म्हणायचीही, आणि तो "हं" म्हणायचा.

त्र्यंबकराव नावाचा एक मुकादम होता, जवळच्या कारखान्याला माणसं पुरवायचा. गुणाजीची जुनी हकिगत त्याच्या कानावर गेली आणि त्याच्या डोक्यात आलं, मुंबईचे पाहुणे यायचेत, त्यांना साहेबी शर्यत दाखवू. पुण्याहून दोन कुत्री मागवली. गुणाजीला म्हणाला, "तू फक्त सोडायची. झकास झालं तर कारखान्याच्या फाटकावर तुला कायमचं लावतो. बसून काम, डोक्यावर छप्पर."

सगुणा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"जा. कायमचं काम पाहिजेच आपल्याला. पण ढवळीला सोडायची नाही. शपथ घ्या."

"तिला कशाला सोडीन? ती दोन आहेत ना पुण्याची."

"शपथ घ्या म्हटलं."

गुणाजीनं उजव्या हाताच्या चिमटीत गळा धरून शपथ घेतली.

शर्यतीच्या दिवशी त्यानं खुंटीवरचा पट्टा काढला आणि ढवळीनं घर डोक्यावर घेतलं. दाराला नखं मारली, पाण्याचा हंडा पाडला, रडायला लागली. सगुणाला राहवलं नाही. तीच म्हणाली, "न्या तिला. बघू दे बिचारीला. झाडाला बांधून ठेवा."

माळावर पाहुणे सतरंज्यांवर बसले होते, कुणी चहा पीत होतं. आणि पुण्याचा एक कुत्रा पायात काटा मोडून लंगडायला लागला. त्र्यंबकरावाची नजर झाडाखाली गेली.

"ती कुणाची? तीच जातीची ना? घाल तिला."

"साहेब, म्हातारी आहे. काळजाचं दुखणं आहे तिला."

"अरे, एकदाच रे! एवढी माणसं आलीत, माझं नाक कापतोस का? फाटकाचं काम हवंय ना तुला?"

गुणाजीनं विचार केला. केलाच विचार, उगाच का खोटं सांगा. त्याला तो नियम आठवला. हिला पट्ट्यात घेऊ, माळभर फिरू, आणि जो ससा उठेल तो जवळ उठला म्हणून सांगू. न सोडण्याचा हक्क आपलाच आहे. त्र्यंबकराव खूष, पाहुण्यांचं फिरणं झालं, ढवळी संध्याकाळी घरी. त्यानं तिच्या गळ्यात लाल फडकं बांधलं. ती थरथरत होती आणि त्याचा हात चाटत होती.

पहिला ससा पायांतूनच उठला. दोन्ही कुत्री उसळली. गुणाजीनं टाचा रोवल्या आणि धरून ठेवलं.

"सोडलं का नाहीस?" त्र्यंबकराव धापा टाकत आला.

"जवळ उठला. नियम आहे."

"असला कसला नियम?" तो कुरकुरला, पण पाहुण्यांतला एक जण मान हलवून म्हणाला की बरोबर आहे, असं असतं. गुणाजीचा जीव भांड्यात पडला. काम होणार, त्याला वाटलं.

दुसरा ससा लांबच्या गवतातून निघाला. उंच पायांचा, भरलेला, कान सरळ करून नदीच्या बांधाकडे नाकासमोर चालला. असा ससा गुणाजीनं कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. खांद्यावर तोच जुना ओढा आला, तोच गवताचा वास आला. तो सशाकडे बघत राहिला, ससा लांब गेला, आणखी लांब गेला, अगदी हवा तेवढा लांब गेला. आणि कडी ओढली गेली.

त्यानं ओढायचं ठरवलं नव्हतं. आपण काय केलं हे त्याला कळलं तेव्हा हातात रिकामा पट्टा लोंबत होता आणि ढवळी पुढं होती.

"ढवळे!" तो ओरडला. सोडलेली कुत्री हाकेनं थांबत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ओरडत राहिला. ढवळीनं ससा पहिल्यांदा वळवला, दुसऱ्यांदा वळवला, पुण्याचा तरणा कुत्रा मागंच राहिला. पाहुणे सतरंजीवर उभे राहून "वा! वा!" करत होते. शेवटी ससा बांधाच्या निवडुंगात शिरला आणि सुटला. पंच म्हणून उभ्या केलेल्या माणसानं लाल रुमाल वर केला. ढवळी वळून हळूहळू चालत गुणाजीकडे आली, शिकवल्याप्रमाणे त्याच्या उजव्या पायाशी बसली, मग आडवी झाली. टाळ्या अजून चालू होत्या.

त्यानं तिला खांद्यावर घेऊन घर गाठलं. सगुणा दारातच बसली होती. तिनं आधी त्याच्या खांद्याकडे बघितलं, मग लाल फडक्याकडे.

"कुणी सोडली?"

गुणाजीनं उजवा हात पुढं केला. तिला काय समजायचं ते ती समजली. तिनं आरडाओरडा केला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या तर फार बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं चुलीवर तेलाची वाटी ठेवली, कोमट केलं, आणि ढवळीचे पाय चोळत बसली. चारही पाय चोळले. मग म्हणाली, "आता पुरा तिला." आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मीच न्या म्हटलं."

फाटकाची नोकरी मिळाली. त्र्यंबकरावानं शब्द पाळला, तेवढं त्याला म्हणायला हवं. भोंगा झाला की फाटक उघडायचं, भोंगा झाला की लावायचं. गुणाजीला त्यात काही वाटत नव्हतं. भोंगा व्हायचा आणि त्याला दिसायचं की फाटक उघडलंय. सगुणा जेवायला वाढायची, कपडे धुवायची, आजारी पडला तर काढा द्यायची, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायची नाही. पट्टा तिनं चुलीत घातला होता. दुसरं कुत्रं आणलं नाही. रखमाबाईनं एकदा पिल्लू आणून दिलं तर सगुणानं तिला दारातूनच परत पाठवली. वर्षांमागून वर्षं तशीच गेली, आणि दोघंही त्याला सरावली.

मग सगुणाच्या भाचीचं लग्न निघालं, उल्हास नदीच्या पलीकडच्या गावात. दोघं होडीत बसली. भरती होती, होडी काठाला लागली तरी हेलकावे खात होती. गुणाजी आधी उतरला, चिखलात पाय रोवून उभा राहिला आणि सगुणाला उतरवायला त्यानं हात पुढं केला.

सगुणा हातातलं बोचकं धरून होडीच्या कडेवर उभी होती. तिनं त्याच्या हाताकडे बघितलं. होडी डुचमळली. ती पडता पडता वाचली, तरी तिनं तो हात धरला नाही.

"अहो, उतरा की बाई," होडीवाला म्हणाला.

"डावा द्या," सगुणा म्हणाली.

रागानं नव्हे. मीठ द्या म्हणावं तसं म्हणाली. गुणाजीनं उजवा हात मागं घेतला आणि डावा पुढं केला. तिनं तो घट्ट धरला, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि खाली उतरली. उतरल्यावरही सोडला नाही, वर रस्ता लागेपर्यंत धरूनच चालली.

तेव्हा गुणाजीला रडू आलं. भर रस्त्यात, लग्नाच्या कपड्यांत, पहिल्या कुत्र्याला रडला होता तसं. सगुणा बोचकं दुसऱ्या बगलेत घेऊन चालत राहिली.