वाफेवर गेलेली सही

पाकीटकाका म्हणजे टपाल खात्यातले निवृत्त सॉर्टर. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं मार्गी लावली आणि स्वतःसाठी रिकामी पाकिटं जमवली. पण साधीसुधी नव्हेत. विमानाने पहिल्यांदा टपाल नेलं त्या उड्डाणांची, वैमानिकांच्या सह्या असलेली. त्यांतलं एक जिवापाड जपलेलं. त्यावर सही करणारा वैमानिक पुढच्याच फेरीत विमानासकट समुद्रात गेला. त्याची मुलगी तेव्हा आईच्या पोटात होती. आज ती साठी उलटलेली बाई चार वाजता येणार होती, बापाचं अक्षर पहिल्यांदा बघायला. तिच्या घरात त्याची चिठ्ठीसुद्धा उरली नव्हती.

आणि साडेतीनला काकांनी घोळ घातला. तरुणपणी, अक्कल नव्हती तेव्हा, त्यांनीच ते पाकीट वहीत डिंकाने चिकटवलं होतं. तिच्या हातात सुटं द्यावं म्हणून ते केटलीच्या वाफेवर धरलं. डिंक सुटला, पण सहीही विरघळली. निळा ओघळ तेवढा राहिला. 

काकूंनी आठवण करून दिली की त्याच उड्डाणाचं बिनसहीचं पाकीट कपाटात आहे. "ती सही तुम्हाला झोपेतसुद्धा येईल," त्या म्हणाल्या. "करा आणि मोकळे व्हा."

नाही नाही म्हणत काकांनी शाईचं पेन उघडलं. सही इतकी हुबेहूब उतरली की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. तेवढ्यात बेल वाजली.

बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सही बघता बघता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी बोट पुढे केलं. शाई अजून ओली होती. काकांनी त्यांचं मनगट धरलं. चोरी पकडली जाईल हे त्यांना नंतर सुचलं. आधी वाटली ती निव्वळ लाज.

"ही मी केलीय," ते म्हणाले. "खरी आत्ताच माझ्या हातून गेली."

त्यांनी ओघळलेलं पाकीट आणून समोर ठेवलं. बाईंनी ते खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. शाई गेली होती, पण निबाने कागदात उमटवलेली रेघ शाबूत होती. त्या तिच्यावरून सावकाश बोट फिरवत राहिल्या, शेवटच्या वळणापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून.

"दाबून लिहायचे तर," त्या म्हणाल्या. "मीही तशीच लिहिते. कागद फाडशील म्हणून आई ओरडायची. हे कुणाकडून आलं, ते मात्र कधी बोलली नाही."

ओघळलेलं पाकीट त्या घेऊन गेल्या. काकांनी दाराशी एवढंच विचारलं, पर्समध्ये त्याला घडी तर पडणार नाही ना.