किआ शिवेना

आधीच सांगून टाकते. या सदरातले निम्मे अनुभव मी हसत वाचलेत आणि उरलेले चिडून. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाची गाडी वडाखाली आपोआप बंद पडते... सर्व्हिसिंगला टाका की गाडी. मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट पुन्हा तशीच घडवून दाखवता आली नाही, तर आमच्याकडे ती बग म्हणूनसुद्धा धरत नाहीत. त्यामुळे मी हे लिहायला बसले याचं सगळ्यात जास्त आश्चर्य माझ्या नवऱ्याला वाटतंय. तो मागे उभा राहून वाचतोय, आणि मला ते अजिबात आवडत नाहीये.

तर — २०१६ सालचा जुलै, शाळांची हिवाळ्याची सुट्टी. आम्ही ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये राहतो. मी, अमोद आणि आमची इरा, तेव्हा सात वर्षांची. अमोदची चाळिशी आली होती आणि त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं : स्की हॉलिडे, तीसुद्धा लक्झरी. एकदाच करायची पण झक्कास करायची, असं त्याचं म्हणणं. साउथ आयलंडला वानाकाच्या तळ्याच्या वरच्या अंगाला एक लॉज त्याने शोधून काढलं. खोलीत फायरप्लेस, बाथरूमची फरशी गरम, डेकवर हॉट टब, आणि समोर बर्फाचे डोंगर. स्कीचे धडे, हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून पिकनिक, बर्फातले बूट घालून जंगलात फेरी, स्पा, वितळवलेल्या चीझचं फॉन्ड्यू, बर्फावरून टायरमध्ये बसून घसरणं... काही म्हणता काही सोडलं नव्हतं. इरा भेटेल त्याला 'हीप्स ऑफ फन', धमालच धमाल, असं सांगत सुटली होती.

आणि सोबत होती आई. माझी आई, पुण्याहून आलेली.

त्याच वर्षी जानेवारीत बाबा गेले. मी धावतपळत पुण्याला पोचले होते. दहाव्याला दादा आणि काका घाटावर गेले, आम्ही बायका घरी. आणि पिंडाला कावळा शिवेना. काकांनी कबूल करायचं ते सगळं केलं — वहिनींना सांभाळू, घर विकणार नाही, मनूच्या माहेरपणात कमी पडू देणार नाही. मनू म्हणजे मी. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. मला याचं काहीच वाटलं नव्हतं. कावळ्यांची पोटं भरलेली असतील, रोज तेच खातात, असं मी म्हणालेसुद्धा.

आईने मात्र तेव्हापासून जेवण टाकलं. म्हणजे ताटावर बसायची, दोन घास खायची आणि ताट सरकवायची. दादाने सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. म्हणून मी तिला ऑकलंडला आणली, हवापालट होईल म्हणून. इथेही तेच. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या तिच्या. मी रागावून बघितलं, लाडीगोडी लावून बघितलं. तर म्हणायची, "त्यांचं काय राहिलं गं? तेवढं कळलं असतं तर..." मला खरंच भीती वाटायला लागली होती. महिन्याभरात तिला परत जायचं होतं, आणि अशा अवस्थेत तिला विमानात बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

लॉजवर पोचलो त्याच दिवशी दुपारी अमोद आणि इरा हॉट टबमध्ये डुंबत होते. आई आत काचेशी खुर्ची घेऊन बसली होती, माकडटोपी, शाल, मांडीवर सुपाचा वाडगा. तिला म्हटलं होतं, नुसते पाय तरी सोड गरम पाण्यात. तिचं ठरलेलं उत्तर — तुम्ही करा, मी बसते. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर एक पक्षी उभा. कोंबडीएवढा, शेवाळी हिरवा, बाकदार चोच. किआ. डोंगरातला पोपट म्हणा ना. एक नंबरचा चोर. इथे स्कीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीचं वायपरचं रबर त्याने एकदा तरी उपटलेलं असतं.

अमोद हरखून फोटो काढायला लागला. टबच्या कडेला इराचे बिस्किटाचे तुकडे पडले होते. किआने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो काचेतून आईच्या वाडग्याकडे बघत उभा राहिला, आणि तिने वाडगा खाली ठेवल्यावर उडून गेला.

संध्याकाळी लॉजच्या मालकीणबाईंना सांगितलं तर त्यांना पटेना. किआ वर, स्कीच्या मैदानावर टोळीने असतात, इतक्या खाली एकटा कशाला येईल, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तो पुन्हा काचेशी. त्याच्या चोचीच्या टोकाचा टवका उडालेला होता, म्हणून मी ओळखला. आईने टोस्ट हातात घेतला की हा मान वाकडी करून बघणार. तिने खाली ठेवला की गायब.

मला ते आवडेना. का, ते सांगता येत नव्हतं, पण आवडेना. त्या दिवशी आम्ही हेलिकॉप्टरने हिमनदीवर गेलो. आयुष्यात एकदा बघावं असं दृश्य, आणि मी काय करत होते, तर आकाशात कुठे हिरवं दिसतंय का ते बघत होते. पायलटने बर्फावर घडीचं टेबल मांडलं, चीझ, फळं, गरम चॉकलेट. आईच्या हातात वाफाळता मग आला आणि पाठीमागच्या खडकावर तो उतरला. तोच, टवका उडालेला. अमोद म्हणाला, असे शंभर असतील. असतीलही. पण मग शंभरातला एकही चीझला का शिवत नाही, असं मी विचारलं, तर त्याने विषय बदलला. स्पामध्ये मसाज करणाऱ्या मुलीने माझे खांदे दाबून दाबून शेवटी विचारलं, तुम्हाला कसली काळजी आहे का? काय सांगणार होते मी तिला, कप्पाळ?

तिसऱ्या दिवशी स्कीच्या मैदानावर गेलो. आईने सकाळी खोलीतल्या छोट्या ओट्यावर दहीभात कालवून डबा भरून घेतला होता. लॉजच्या शेफला हात जोडावेत असं जेवण मिळत होतं आणि ही दहीभात घेऊन निघालेली. निदान तेवढं तरी ती खाईल, म्हटलं.

दुपारी कॅफेच्या बाहेर लाकडी बाकांवर आम्ही दोघी बसलो. अमोद आणि इरा समोरच्या उतारावर टायरमध्ये बसून घसरत होते. कठड्यावर किआंची टोळी होतीच. एकाने शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या चिप्स पळवल्या, दुसरा बॅगेची चेन ओढत होता. लोक हसत होते. आईने डबा उघडला. तो आला. टोळीतून नाही, वरून कुठून तरी. आमच्याच टेबलावर, डब्याच्या पलीकडे बसला.

इराची स्की शिकवणारी टेगन तिथूनच चालली होती. तिने थांबून मला बजावलं, किआंना खायला घालायचं नाही हं, त्यांना बाधतं. मी म्हटलं, घालत नाहीये, तिचं जेवण आहे ते. मग झाकण लाव, दोन सेकंदांत साफ करेल, असं म्हणाली. झाकण आईच्या हातात होतं. तिने ते लावलं नाही. आणि किआ हलला नाही. भात त्याच्या चोचीपासून वीतभर अंतरावर. शेजारच्या टेबलावर चिप्सवरून बाकीच्यांची मारामारी चाललेली, पण याने मान वळवली नाही. टेगन हातमोजे काढता काढता तशीच उभी राहिली.

आईने चमचा खाली ठेवला. मग हळू, पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "अहो."

आईने उभ्या जन्मात बाबांचं नाव घेतलं नव्हतं. 'अहो' म्हणजे ते आणि तेच.

मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. दादाचं नीट चाललंय. मनू सुखात आहे, जावई चांगले आहेत. घर आहे तसं आहे. तुमची पुस्तकं कुणाला दिलेली नाहीत. किआ डोळे मिचकावत ऐकत होता — ऐकत होता असंच मी लिहिणार, अमोदने काहीही म्हणू दे. मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. मी म्हटलं, आई पुरे, लोक बघतायत. तिने माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पोटभर जेवेन, असंही ती म्हणाली. तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला. शिवेना.

तेवढ्यात उतारावरून इराची किंकाळी आली, आनंदाची. आईने तिकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग पुन्हा त्याच्याकडे वळली.

"बरं," ती म्हणाली. "मी बसते त्या टायरवर. हसले लोक तर हसू देत. यापुढे मी कशाला नाही म्हणायची नाही. आता खा तुम्ही."

त्याने मान खाली घातली आणि भातातला एक घास उचलला. एकच. मग पंख उघडले, आतला केशरी रंग झळकला, आणि तो उतारावरून पलीकडे निघून गेला. उरलेल्या भाताकडे, चिप्सकडे, कशाकडेही न बघता.

टेगनने मला विचारलं, तुझी आई काय म्हणाली त्याला? मी सांगितलं, काहीतरी कबूल केलं. तिने मान डोलावली, आणि पुढच्या क्षणी भानावर येऊन म्हणाली, झाकण लावा आता.

आईने झाकण लावलं, शाल माझ्याकडे दिली आणि विचारलं, त्या टायरवर कुठून बसतात? टेगननेच तिला वर नेलं, बसवलं, दोऱ्या हातात दिल्या. सलवार-कमीजवर अमोदचं जाकीट, डोक्यावर माकडटोपी. मी धावत उताराच्या तळाशी गेले. आई "आई गं" म्हणत जी सुटली ती गोल फिरत, ओरडत थेट खालच्या जाळीपर्यंत आली. मी पोचले तेव्हा ती टायरमध्ये आडवी पडून हसत होती. इतकी, की तिला उठता येईना. इराही हसून हसून बर्फात लोळली.

आणि हसता हसता आई रडायला लागली. मला म्हणाली, लग्न झाल्यापासून हे म्हणायचे, चल गं. जत्रेतला पाळणा असो, महाबळेश्वरचा घोडा असो, चल गं. मी म्हणायची, तुम्ही जा, मी पिशव्या सांभाळते. मग तेही जायचे नाहीत. उभे राहायचे माझ्याशेजारी, पाळण्याकडे बघत.

मी तिचे डोळे पुसले. तिने नाक ओढलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं भावजींना, मला घाटावर न्या. बायका येत नाहीत म्हणाले. मी असते तर शोधलं असतं ना, काय हवंय त्यांना ते."

मग तिथेच बाकावर बसून तिने सगळा दहीभात संपवला. गार, घट्ट झालेला. डबा बोटाने निपटला. संध्याकाळी फॉन्ड्यूचं काय आहे ते विचारलं, आणि ब्रेड बुडवून बुडवून खाल्लं. लॉज सोडायच्या आत ती हॉट टबमध्येही बसली.

मी टेस्टर आहे म्हटलं ना. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी तसाच दहीभात घेऊन त्याच बाकावर, त्याच वेळेला, डबा उघडून बसले. टोळी आली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत डबा पालथा. एकाने चमचा नेला. टेगनने मला चांगलंच झापलं, आणि ते बरोबरच होतं. टवका उडालेला काही आला नाही. लॉजच्या काचेशीही पुन्हा आला नाही. मालकीणबाईंना मी नंतरच्या हिवाळ्यात ईमेल करून विचारलं. त्यांनी तसा एकटा किआ तिथे परत बघितला नव्हता.

अमोद म्हणतो, हुशार पक्षी असतात, माणसाच्या आवाजातला बदल त्यांना कळतो. असेल. मग चिप्स का सोडल्या? मग हिमनदीवर कसा आला?

ऑकलंडला परतल्यावर मी दादाला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपण तिला नेलं का नाही गं?"

किआचं जसं मला आजवर कळलेलं नाही, तसंच हेही.