निवारीचा पट्टा

गुप्ते कुठेही बसला की आधी एकदा उठून बघायचा. लग्नाच्या पंगतीत, नाटकाला, आमच्या ओटीवरच्या आरामखुर्चीत, सगळीकडे हेच. बसायचा, दाराकडे नजर टाकायचा, झटकन उठायचा आणि मग समाधानाने परत टेकायचा. मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने हे केलं, आणि तिकडच्या मंडळींना वाटलं, नवरा मुलगा निघालाच की काय! मी चेष्टा केली की म्हणायचा, "पेंडशा, तू आधी बशीत काय आहे ते बघतोस, मी दार कुठं आहे ते बघतो."

त्याला कारण होतं. लढाईच्या काळात तो लष्कराच्या मोटारदुरुस्तीच्या खात्यात होता. तिकडे पूर्वेच्या आघाडीवर एक ट्रक उलटून पेटला आणि आतला ड्रायव्हर अडकून पडला. गुप्ते अगदी जवळ उभा होता, पण धगीमुळे कुणालाच पुढे जाता येईना. "माझं नाव घेऊन हाका मारत होता रे," एवढंच त्याने मला एकदा सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

असा माणूस शर्यतीच्या नादी का लागला, हे मला कधीच उमगलं नाही. कल्याणला आमच्या शेजारीच तो राहायचा. परसात त्याने लष्करी भंगारातल्या जीपमधून एका माणसापुरती मोटार बांधली. चारही चाकं उघडी, डोक्यावर छप्पर नाही आणि पेट्रोलची टाकी थेट पाठीमागे.

"अरे, जिला भितोस तिलाच टेकून बसतोस?" मी म्हटलं.

"भितो म्हणून तर नीट बांधलीय," तो म्हणाला.

गावाबाहेर लढाईत बांधलेली विमानांची धावपट्टी ओस पडली होती. एरवी तिथे म्हशी चरत. अधूनमधून एखाद्या रविवारी मुंबईची हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन येत आणि शर्यत लागे. गुप्त्याची तयारी आदल्या दिवसापासून चाले. अंगावरचे कपडे तो टाकणखाराच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. तसे कपडे पेट घेत नाहीत म्हणे. वाळले की ते पापडासारखे कडक होत आणि हा चालताना करकर वाजे. निघताना मालतीवहिनी ओवाळायला आल्या की दोन पावलं मागे सरून म्हणायचा, "अगं, आधी ते निरांजन लांब धर!" वळणावर धक्का झेलायला गवताचे भारे रचलेले असत. "हे सरपण कुणी रचलं?" असं ओरडून तो ते भिजवून घ्यायचा. मला तिथेच वाळूच्या बादल्या देऊन उभं करायचा. मी ठाण्याच्या कचेरीतला साधा कारकून, पण शर्यतीच्या दिवशी गुप्त्याचा आगीचा बंब.

वहिनींची भीती मात्र वेगळीच होती. "भाऊजी, माझे काका खडवलीला माझ्या डोळ्यांदेखत टांग्यातून फेकले गेले आणि तिथेच संपले," त्या मला म्हणाल्या. "ते काही जळले नव्हते." त्यांनी पलंगाची निवार काढून तिचा दुहेरी पट्टा शिवला, बक्कल लावलं आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"अगं, बांधलेला माणूस सुटणार कसा?"

"आणि सुटा माणूस राहणार कसा?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दोघांनीही एकेक मरण डोळ्यांनी पाहिलं होतं आणि दोघांचंही खरं होतं. मला त्या दिवशी फार असहाय वाटलं. शेवटी गुप्त्याने पट्टा गाडीला लावून घेतला. घरासमोरून निघताना तो वहिनींच्या देखत बक्कल आवळायचा आणि धावपट्टीवर पोचला की सोडून बाजूला सारायचा.

त्या रविवारीही त्याने तो सोडला. मी म्हटलं, "अरे, एवढा शिवलाय त्यांनी, राहू दे ना."

"पेंडशा, फेकला गेलो तर हाड मोडेल. हाड सांधता येतं. जळलेल्या माणसाचं तू काय सांधणार?"

माझ्याच वळणावर ते झालं. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला गुप्त्याचं चाक लागलं. उघडी चाकं एकमेकांना लागली की मागचं पुढच्यावर चढतं. गाडी उसळली, गुप्ते हवेत फेकला गेला आणि भाऱ्यांच्या पलीकडे मुरुमावर आपटला. गाडी मात्र चारही चाकांवर खाली आली आणि गवतात जाऊन उभी राहिली. इंजीन चालूच होतं. मी दोन्ही हातांत बादल्या घेऊन धावत होतो आणि विझवायला कुठे काही नव्हतं.

मी त्याच्याजवळ बसलो. कपडे तसेच कडक होते, कुठे डागसुद्धा नव्हता.

"टाकी फुटली?" त्याने विचारलं.

"नाही रे. थेंबभरही सांडलं नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. कुणाच्या तरी जीपमध्ये घालून त्याला दवाखान्यात नेलं, पण वाटेतच सगळं संपलं.

वहिनी आल्या तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. कुणीतरी गाडीतून काढून आणलेला पट्टा माझ्या मांडीवर होता. त्यांनी तो उचलला आणि टाक्यांवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेल्या. "माझी शिवण उसवली का हो?" त्यांनी विचारलं. शिवण कुठेच उसवली नव्हती. बक्कलही धड होतं.

"आग लागली होती?"

"नाही, वहिनी."

"आग नव्हती, तर मग बक्कल सोडून हे बाहेर कशाला पडले, भाऊजी?"