विकतचे बन

आमच्या घरात सुगरण ही पदवी एकदा दिली की परत घेत नाहीत. माझ्या काकूला ती लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मिळाली आणि तेव्हापासून ती स्वयंपाकघरात आहे. आईबाबांच्या सतत बदल्या होत, म्हणून मी शाळेत असल्यापासून काका-काकूंकडे वाढले. त्यामुळे हे ऐकीव नाही, समोर बसून पाहिलेलं आहे.

लग्नाआधी काकू आणि तिची मोठी बहीण एका शिवणकामाच्या कारखान्यात कटिंग करायच्या. कापडाचे थर एकावर एक रचायचे, खडूने खुणा करायच्या आणि एका दमात बाह्या कापून काढायच्या, असं ते काम. तिथल्या कॅन्टीनमधल्या बाई सारण भरलेले बन वाफेवर करायच्या. काकू जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी उभी राहून ते शिकली. नव्या घरातली माणसं खूश व्हावीत म्हणून तिने एकदा हौसेने केले. हौसेने केलेल्या गोष्टीचा दुसऱ्या वेळी रिवाज होतो आणि तिसऱ्या वेळी कायदा. दर रविवारी दुपारी बन, हा आमच्या घरचा कायदा झाला. आत्या आणि तिचे यजमान तर त्या दिवशी घरी चूलच पेटवत नाहीत. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच, फक्त इथे पीठही खरं आहे.

खाणाऱ्याला वाटतं, बन म्हणजे काय, मैदा आणि वाफ. शनिवारीच काकू फ्रीजमधून आंबवण बाहेर काढते. मागच्या वेळच्या पिठातला मुठीएवढा गोळा डब्यात राखून ठेवलेला असतो. त्याला कोमट पाणी आणि थोडा मैदा घालून जागं करायचं. रविवारी उठल्याबरोबर मोठी परात. मैदा, आंबवण, साखर, चमचाभर तेल. तळहाताने पुढे ढकलायचं, दुमडायचं, पुन्हा ढकलायचं, कानाच्या पाळीइतकं मऊ लागेपर्यंत. मग ओलं फडकं टाकून फुगायला ठेवायचं. तोवर खिमा परतायचा, कोबी बारीक चिरून मीठ लावून पिळायचा, कांद्याची पात सगळ्यांत शेवटी. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर पारी फाटते. पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ. चुण्या घालून तोंड बंद केलं की बन पुन्हा थोडा वेळ फुगू द्यायचा. झाकणातलं पाणी बनांवर पडू नये म्हणून झाकणाला फडकं बांधायचं. गॅस बंद केल्यावरही भांडं लगेच उघडायचं नाही, एकदम गार हवा लागली की बन बसतात.

या सगळ्यात ती अडकलेली असते. पीठ उन्हाळ्यात भसाभसा चढतं, थंडीत रुसून बसतं, आणि ते कधी तयार होईल हे ते आधी सांगत नाही. त्या वेळात बाहेर जाता येत नाही आणि घरात दुसरं काही धड करताही येत नाही. एकदा समोरच्या बाईंनी तिला बाजारात चल म्हणून हाक मारली, तर काकू म्हणाली, "तान्हं मूल असतं तर तुमच्याच घरी ठेवून आले असते. पीठ कुणाकडे ठेवू?"

आमचं स्वयंपाकघरही असं की फ्रीजचं दार उघडलं तर खोलीचं दार उघडत नाही. एक खिडकी आहे, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. हात लांब केला तर भिंतीला लागतो. वाफ सुरू झाली की तीही दिसेनाशी होते.

गेल्या वर्षी काकूच्या त्या मोठ्या बहिणीने दुसऱ्या शहरात स्वतःचा कारखाना काढला. शाळांच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं आणि तिने काकूला फोन केला. वर्षभर ये, पश्चिमेच्या खिडकीशी कटिंगचं टेबल आहे ते तुझं, वरच्या मजल्यावर राहायला खोली आहे, महिनाअखेरपर्यंत वाट बघते, नंतर दुसरी बाई घ्यावी लागेल. काकू फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी होती. मग मला म्हणाली, "अजून हात चालेल का गं माझा?" तिला जायचं होतं. इतकं कशासाठी तरी हपापलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पण मागणं तिला येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय. जेवताना काकाला म्हणाली, "ताईचं काम फार वाढलंय म्हणे." काका लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला इशारे कळत नाहीत. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं.

"जा की," काका म्हणाला. "मी कुठे अडवलंय? फक्त बाबांचं काय ते बघ. त्यांना दुसरं काही चावत नाही. आठवडाभर बनच कुस्करून खातात."

बाबा म्हणजे माझे आजोबा. दात गेलेले, नजर अधू, पण कान शाबूत.

रविवारी आत्या म्हणाली, "वहिनी, वर्षभर तर वर्षभर, जा तू. आमचे हाल होतील, होऊ देत. तुझ्या हाताची चव कुणाला येणार आहे?" आणि तिसरा बन उचलला. आत्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवते आणि खालून शिडी काढून घेते.

नाही असं कुणीच म्हणालं नाही, हीच अडचण होती. कुणी नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. इथे सगळे जा म्हणत होते आणि सगळे दारात उभे होते.

काकूने काकाला शिकवायचाही प्रयत्न केला. लिफ्टच्या बारक्या स्क्रूंशी खेळणारी त्याची बोटं, पण चुण्या घालायची वेळ आली की लाकडाची व्हायची. दोन बन फोडून झाल्यावर म्हणाला, "पीठ सैल झालंय तुझं." नाचता येईना अंगण वाकडं. पुढच्या वेळी त्याला नेमकं कामावरून बोलावणं आलं.

महिना संपत आला तेव्हा मी वैतागून म्हटलं, "कोपऱ्यावरच्या दुकानात फ्रीजरमध्ये तयार बन मिळतात. फक्त वाफवायचे. ते आणते, तुझे म्हणून वाढू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळेल," काकू म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आण. कुणीही ओळखलं नाही तर मी जाते. ओळखलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तूही नाही."

त्या रविवारी तिने पीठ मळलं नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि मी पाकिटं फोडली. काकूने ओट्यावर मूठभर मैदा भुरभुरला, मग थोडा स्वतःच्या मनगटांवर. आम्ही दोघी तोंड दाबून हसलो. बन वाफवताना मात्र ती सारखी भांड्यापाशी जात होती. ते चांगले व्हावेत की बिघडावेत, हे तिलाही ठरवता येत नसावं.

मी बन वाढले. सगळ्यांत आधी आत्या बोलली. "आज तर कमाल केलीस वहिनी. दर वेळेपेक्षा मऊ." तिच्या यजमानांनी मान डोलावली. काका तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "हेच म्हणतो मी. ही गेली तर असं कोण करून घालणार?" आजोबांनी एकच बन घेतला. बाहेर ऊन होतं, भूक नसेल असं आम्हाला वाटलं.

काकू आत आली आणि भांडंभर पाणी प्यायली. मी तिला मिठी मारायला गेले तर तिने हात झटकला. "इतकी वर्षं," ती म्हणाली, "मी कोबी पिळत बसले." डोळे भरले होते. पण तिने ते पुसले, बहिणीला फोन लावला आणि म्हणाली, "ताई, येतेय. परवाची गाडी बघते." नंतर माळ्यावरची बॅग तिने स्वतः काढली, मला चढू दिलं नाही. झाडताना ती काहीतरी गुणगुणत होती. अपमान गिळून इतकं हलकं झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी काकाला सगळं खरं सांगायचं, त्याला तोंडघशी पाडायचं आणि निघायचं, असं आमचं ठरलं.

दुपारी बाकीचे लवंडले होते. आजोबांनी त्यांच्या खोलीतून हाक मारली, "सूनबाई, जरा ये." मीही मागोमाग गेले.

"तुझी पाठ पुन्हा दुखतेय का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. का?"

"आजचे बन तुझे नव्हते."

मीच म्हटलं, "कशावरून?"

"हिच्या बनाला शेवटच्या घासाला जराशी आंबूस चव येते. आज नुसतंच गोड होतं. आणि मला दिसत नाही, म्हणून मी खायच्या आधी वरून बोट फिरवतो. ही डावखुरी. हिच्या चुण्या उलट्या बाजूला वळतात, आणि शेवटची चुणी ही नेहमी जरा दाबून बसवते. आजच्या चुण्यांना माणसाचा हात नव्हता."

"मग जेवताना का नाही बोललात?" मी चिडले होते. "मूग गिळून का बसलात?"

"मला वाटलं, तिला बरं नसेल, जमलं नसेल. सगळे वाहवा करत होते. चारचौघांत कशाला तिला उघडं पाडायचं?"

काकू त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सगळं सांगितलं. बहिणीचा फोन, टेबल, आमची पैज, बॅग. आजोबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जा तू. मनापासून सांगतो. मी दूधभात खाईन, तो मऊ होतो. माझ्यासाठी थांबू नकोस."

थांब म्हणाले असते तर ती नक्की गेली असती. काकाच्या सोयीतून, आत्याच्या कौतुकातून ती जेवणाच्या वेळीच बाहेर पडली होती. पण इतक्या वर्षांत एकाच माणसाने तिच्या हाताकडे लक्ष दिलं होतं, आणि नेमकं तेच माणूस तिला जा म्हणत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला आजोबांचा भयंकर राग आला. त्यांची काही चूक नव्हती, त्यामुळे तो कुठे काढताही येईना. तो अजून माझ्याकडेच आहे.

स्वयंपाकघरात मी काकूशी भांडले. म्हटलं, पैज गेली खड्ड्यात, त्यांनी स्वतः परवानगी दिलीय, आता कुणाची वाट बघतेस? ती म्हणाली, "पैजेचं नाही गं." आणि तिने आंबवणाचा डबा फ्रीजमधून काढला.

फोन तिने मैद्याच्या हातानेच लावला. पलीकडून बहिणीचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू येत होता. मूर्ख आहेस, मरेपर्यंत तिथेच वाफ खात राहशील, मी उद्याच दुसरी बाई घेते. काकूने मध्ये एकदाही तोडलं नाही. बहीण दमल्यावर ती म्हणाली, "घे, तिला घे. फक्त ते टेबल पश्चिमेच्या खिडकीपासून हातभर मागे सरकव. दुपारनंतर कापडावर ऊन येत असेल, पांढऱ्या कापडावर खडूची खूण दिसायची नाही तिला. आणि उंची वाढवून घे, वाकून वाकून पाठ जाते."

बहीण म्हणाली, "तुला गं काय माहीत? तू कुठे पाहिलंयस ते टेबल?"

"पाहिलं नाही," काकू म्हणाली आणि फोन ठेवून दिला.