सहाणेवरचं खोगीर

माझ्या पाठीवर खोगीर चढवलं ते माझ्या बापानं. भर शिमग्यात, सहाणेवर, सगळ्या गावासमोर.

सहाण म्हणजे देवीची पालखी टेकवायचा दगडी चौथरा. पालखी सजून बसली होती. ढोल थांबले होते. समोर खोत उभा, डोक्याला जरीचा फेटा, हातात काठी. मला म्हणाला, "वाक."

मला वाटलं थट्टा करतोय. शिमग्यात तसलं चालतं. मी बाबांकडं बघितलं. त्यांच्या दोन्ही हातांवर खोगीर होतं आणि ते माझ्याकडं बघत नव्हते.

"वाक रं," ते हळू म्हणाले. "लगेच व्हईल."

मी वाकलो. गुडघ्यांवर हात टेकले. खोगीर पाठीवर आलं. जड होतं. पावसाळाभर पडून कातडं ताठ झालेलं, त्याची कड मणक्यावर रुतली. बाबांनी माझ्या पोटाखालून तंग घेतला. घोड्याच्या पोटाला आवळतात तो पट्टा. कडीत घालून ओढला. आणि ओढल्यावर पट्टा आणि माझं पोट यांच्या मध्ये दोन बोटं घालून बघितली. जनावराला काच बसू नये म्हणून ते रोज बघायचे, तशीच. सवय दुसरं काय. ती दोन बोटं मला अजून पोटाला लागतात.

गुरवानं खोगिरावर नारळ ठेवला. गुलाल उधळला. तो माझ्या कानात गेला, डोळ्यांत गेला. खोताचा मेहुणा मुंबईहून शिमग्याला आला होता, तो म्हणाला, "खिंकाळतो का बघा जरा."

माणसं हसली. परकी नव्हेत. आमच्याच वाडीतली, माझ्याबरोबर भात लावणारी माणसं. मग ढोल वाजले आणि पालखी उठली.

तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो. मिसरूड फुटलेला बाप्या. पोर नव्हतो.

आम्ही कुणबी, खोताची कुळं. गाव काजळी नदीच्या वरच्या अंगाला. नदीकाठचा मळा आम्ही कसायचा, भात खोताचं. डोंगरातली नाचणी आम्ही पिकवायची, वाटा खोताचा. शिवाय वेठ. खोताच्या घरी लग्न असलं तर लाकडं आम्ही फोडायची, आंबा उतरला तर पाट्या आम्ही वाहायच्या. आये बाळंतपणातून उठून तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या अंगणात शेण सारवत होती. हे सगळ्याच कुळांचं होतं. आमच्या घराला त्यावर आणखी एक मान होता. मोतद्दारीचा. घोड्याची निगा करायची, त्याचा लगाम धरून पुढं चालायचं. आजानं केलं, बाबांनी केलं. बाबा सांगायचे, "आपल्या घराण्यात लगाम हाय." सांगताना त्यांची छाती फुगायची.

खरं विचाराल तर आमच्या मुलखात घोड्याचं कामच काय? खाली चिंचोळ्या पाणंदी, वर कातळाचा सडा. पावसात त्या कातळावर माणूस घसरतो तिथं घोड्याचा खूर कुठं ठरणार? खोत रत्नागिरीला कचेरीच्या कामाला जायचा तो होडीनं. पण घोडी पाहिजे. घाटावरून आणलेली पांढरी घोडी, मैना तिचं नाव. खोत होडीनं जाणार असला की बाबा आणि मी आदल्या दिवशीच मैनेला घेऊन रानवाटेनं पायी निघायचो. बंदरावर तिला पुसायचं. खोगीर, पाय ठेवायच्या रिकिबी, पितळेच्या चंद्रकोरी, लाल गोंडे, सगळं चढवायचं. मग बंदरापासून कचेरीपर्यंत खोत पुढं पायी चालणार आणि मागून सजलेली रिकामी घोडी. बसत नव्हता. एकदा बसला होता, तिनं नुसतं अंग झाडलं तर हा मान धरून ओरडला. त्यानंतर खोगीर नुसतं दाखवायला. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो असा.

मैना गरीब होती. नुसत्या मोहरकीनं, तोंडाभोवतीच्या दोरीनं, बाबांच्या मागून शेळीसारखी चालायची. तिला लगामाची गरज नव्हती. पण खोतानं कुठल्याशा संस्थानिकाच्या वरातीत काटेरी लगाम बघितला आणि तसाच मागवला. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला काटे. ओढलं की घोडं मान वाकवतं, तोंडाला फेस येतो, बघणाऱ्याला वाटतं काय तेज जनावर आहे! ते तेज नव्हतं. ते दुखणं होतं. फेस लाल यायचा. घरी आल्यावर मी मिठाच्या पाण्यानं तिची जिवणी धुवायचो आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायची.

मी एकदा धीर करून खोताला सांगितलं, "लगाम काढला तर बरं. जखमा भरतील. ती अशीबी चालते."

तो म्हणाला, "लगामाशिवाय घोडी म्हणजे कुंकवाशिवाय बाई. तुला काय कळतंय त्यातलं?"

बाबा मला मागं ओढत म्हणाले, "चुकला, खोतसायेब."

त्या पावसाळ्यात मैनेच्या जखमांत अळ्या पडल्या. तिला गवत चावता येईना. मी पेज करून पाजली. बाबांनी झाडपाला लावला, रात्रंदिवस तिच्यापाशी बसले. भादव्यात ती मेली. खोत बघायला आला, लांबून बघितलं आणि म्हणाला, "सामान नीट काढून घ्या. खराब व्हायला नको."

सामान! मी त्याच घटकेला त्याचा द्वेष करायला लागलो. त्याआधी मला वाटायचं खोत म्हणजे पाऊसपाण्यासारखा, असायचाच.

आता शिमग्यातला खोताचा मान काय होता तो सांगतो. शिमग्यात पालखी सहाणेवरून उठण्याआधी खोताचा सजवलेला घोडा समोर उभा राहायचा. गुरव खोगिरावर नारळ ठेवायचा. तो ठेवला की पालखी उठायची. नाही ठेवला तर नाही. मैना गेली आणि खोताचा भाऊबंद बोलायला लागला, घोडा नाही तर मान कसला? नवा घोडा घ्यायची खोताची तयारी नव्हती आणि मान सोडायचीही नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठं. त्यानं युक्ती काढली. म्हणाला, मान खोगिराचा आहे, घोड्याचा नव्हे. खोगीर पाठीवर असलं म्हणजे झालं. बाबा म्हणाले, मी डोक्यावर घेऊन उभा राहतो. तर म्हणाला, "डोक्यावर घेतलं तर ओझं. पाठीवर घेतलं तर मान." बाबांची पाठ म्हातारी, खोगीर तिच्यावरून घसरत होतं. म्हणून मी.

त्या शिमग्यानंतर वाडीतली पोरं मला बघून जिभेनं टक टक करायची. घोड्याला हाकतात तशी. बायका पदराआड हसायच्या. आये म्हणायची, "लोकं इसरतील." लोक कशाला विसरतील? मी स्वतः विसरत नव्हतो. नांगर धरला की पाठीवर ते खोगीर. जेवायला वाकलो की ते खोगीर.

मी बाबांना विचारलं, "तुमाला काय वाटलं नाय?"

"मान हाय तो," बाबा म्हणाले.

"कुनाचा?"

"आपला."

"मैनेचाबी मानच व्हता का?"

त्यावर ते उठून गेले. दर शिमग्याला खोत त्यांना एक मुंडासं द्यायचा. ती सगळी मुंडाशी त्यांनी मडक्यात घालून, फडक्यानं तोंड बांधून ठेवली होती. एकही कधी डोक्याला बांधलं नाही. मला त्या मडक्याची चीड होती. बाबांची नव्हती. खरं तर बाबांचीही होती, कशाला खोटं बोलू.

पुढच्या वर्षी खोत घोडा घेईल असं सगळे म्हणत होते. घेतला नाही. फुकटचा मिळाला होता तर घेईल कशाला? होळीच्या आधी बाबांनी खोगीर बाहेर काढलं आणि खोबरेल लावून कातडं मऊ करायला बसले. माझ्यासाठी. मला काचू नये म्हणून. ते बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पालखीच्या दिवशी मी म्हणालो, "द्या हिकडं, मी नेतो." बाबांना बरं वाटलं. पोरगा शहाणा झाला. मी खोगीर छातीशी धरून सहाणेवर गेलो आणि पालखीच्या समोर जमिनीवर ठेवलं.

खोत म्हणाला, "वाक."

"नाय."

"काय म्हणालास?"

"नाय वाकणार. घोडा आणा. मी त्याला वैरण घालतो, त्याचा लगाम धरतो, त्याच्या पुढं चालतो. मी घोडा व्हनार नाय."

माझा आवाज चिरका निघाला. शूरबीर काही नव्हतो मी. ढोलवाल्यांनी ढोल खाली टेकले. खोत माझ्यावर ओरडला नाही. बाबांकडं वळून म्हणाला, "पोराला समजाव. मळा कुणाच्या मेहेरबानीवर कसता ते सांग त्याला."

बाबा पुढं आले. मला वाटलं मारतील. त्यांनी डोक्याचं रोजचं मुंडासं काढलं, बाजूला ठेवलं आणि खोगिराला हात घातला.

"मी घेतो, खोतसायेब," ते म्हणाले. "पोर हाय त्ये."

ते वाकले. सदऱ्यातून पाठीची हाडं दिसत होती. ते खोगीर ओढून स्वतःच्या पाठीवर घ्यायला बघत होते आणि वाकलेल्या अंगानं त्यांना ते उचलवत नव्हतं. आणि खोत वाट बघत होता. शांतपणे. काठीवर हात ठेवून.

माझं डोकं फिरलं. मी बाबांचे हात सोडवले आणि खोगिरावर बसलो.

दोन्हीकडं पाय टाकून, नीट बसलो. खोगीर जमिनीवर, रिकिबी धुळीत. आजानं त्याला तेल लावलं, बाबांनी लावलं, मी लावलं. आमच्या घरातलं कुणी त्यावर कधी बसलं नव्हतं. बसल्यावर कळलं, बसायला ते चांगलं मऊ होतं.

"ऊठ," खोत म्हणाला.

"घोडा आना. उठतो."

मेहुण्यानं पाठीत लाथ घातली. मी रिकिबी हातांनी घट्ट धरल्या. खोताचे दोन गडी आले, त्यांनी मला ओढलं, मारलं. ओठ फुटला. त्यांतला एक माझ्या मावशीचा नवरा होता. तो मारताना रडत होता आणि मारत होता. मी उठलो नाही. आये लांबून ओरडत होती, कुणाला ते कळत नव्हतं.

असा किती वेळ गेला माहीत नाही. पालखीच्या भोयांतला एक म्हातारा म्हणाला, "ऊन चढतंय. देवी खोळंबली." आणि त्यांनी पालखी उचलली. खोगिरावर नारळ नाही, मान नाही, तशीच. माझ्यासाठी नव्हे. उन्हासाठी. माझ्या बाजूनं कुणी एक शब्द बोललं नाही, हे लिहून ठेवतो. पण पालखी उठली. देवी कोपली नाही, आभाळ पडलं नाही. खोताचा चेहरा मी त्या वेळी बघितला. त्याला माझा राग आला नव्हता. तो घाबरला होता.

पेरणीआधी मळा गेला. दुसऱ्या कुळाला दिला. त्यानं तो घेतला, मान खाली घालून, पण घेतला. आम्ही तिघं चिरेखाणीवर जायला लागलो. जांभा दगड तोडायचा, चिरे डोक्यावरून वाहायचे. लाल धूळ आयेच्या केसांतून जाईना. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. वर्ष होत आलं तरी.

मग माघात खोताचा निरोप आला. शिमग्याला यावं. सहाणेवर नाक घासावं. एकदा खोगीर पाठीवर घ्यावं. मळा परत देऊ.

बाबा खाणीच्या कडेला माझ्यापाशी येऊन बसले. इतक्या महिन्यांनी बोलले ते हे बोलले. "एकदाच वाक. तुज्या आयेकडं बघून वाक."

मी आयेकडं बघितलं. ती डोक्यावर चिरा घेऊन चढण चढत होती. मळ्यातलं भात डोळ्यांपुढं आलं. पण मैनेची जिवणीही आली, आणि बाबांची ती पाठीची हाडं. मी एकदा वाकलो की पुढच्या शिमग्याला माझा पोरगा. त्याला तेल लावलेलं खोगीर मी देणार, आणि काचू नये म्हणून बघणारही मीच.

मी म्हणालो, "खोताला सांगा, मी शिमग्याला येतोय. पालखीच्या समोर उभा राहतोय. त्याच्याकडं घोडा नसंल तर खोगीर त्यानं आपल्या पाठीवर घ्यावं. तंग मी आवळीन. आनि दोन बोटं घालून बगनार नाय."