क्रांतीच्या पाठीतलं वळण

मंगळवार पेठेतली क्रांती आठवीत असताना तिच्या पाठीच्या कण्याला बाक असल्याचं कळलं. एक्स-रे बघून आई रडली. क्रांती मात्र त्या वळणाकडे टक लावून बघत राहिली. "ह्यो माझा कणा हाय?"

बाक ऑपरेशन करण्याइतका नव्हता. वाढत्या वयात पाठीला आधाराचा पट्टा लावून आणि व्यायाम करून बघू, असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम शिकवणाऱ्या मैथिलीताईंनी पाठीच्या दबलेल्या बाजूवर हात ठेवला. "इथं श्वास भर."

"सांगितल्या जागी श्वास जातोय व्हय, ताई?" क्रांती हसली. पण हाताखालच्या बरगड्या खरंच हलल्या, तशी ती चकित झाली. मग घरी ती रोज आरशासमोर तेच करून बघायची.

उंची वाढायची थांबली, तसा पट्टा सुटला. बाक राहिला, पण वाढला नाही. आता क्रांती कॉलेजच्या संघात कबड्डी खेळते.