शेळ्यांच्या औषधाचा डबा
शेळ्यांच्या जंताच्या औषधाचा उग्र वास आला की मला मुळशीकडची ती मुलगी आठवते. तिला जन्मापासून एचआयव्ही होता, आई-वडील त्यातच गेले होते, आणि शेळ्या राखणाऱ्या चुलत्यानं तिला वाढवलं होतं. आपल्या गोळ्या ती शेळ्यांच्या औषधाच्या डब्यात ठेवायची, म्हणजे शेजारीपाजारी कुणी हात लावत नसे. अठराची झाल्यावर तिला जांबे गावातल्या एका कॅन्टीनमध्ये काम आणि चौघींत एक खोली मिळाली. आता दवाखान्यात तिची तपासणी मुलांऐवजी मोठ्यांच्या विभागात होणार होती आणि तिथं तिला एकटीनं जायचं होतं. तिच्यासोबत एसटीची वाट बघताना मी, मुलांच्या विभागातली समुपदेशक, पुन्हा तेच सांगत होते, गोळी चुकवू नकोस. मोठी झाल्यावर औषध सोडून दिलेली, मग खंगत गेलेली पोरं पाहून मी थकले होते. "ताई, खोलीत शेळ्या कुटं हायेत? गोळ्या कशात लपवू?" तिनं विचारलं. एवढ्यात चुलता धापा टाकत आला आणि तो डबाच तिच्या हातात देत म्हणाला, "ह्यो घिऊन जा. वासानं कुणी जवळ यायचं न्हाई." "आन् शेळ्यांना?" "त्यांचं मी बघतो. तू तुझं बघ." पुढच्या महिन्यात मोठ्यांच्या रांगेत ती मला लांबूनच दिसली; पिशवी मांडीवर होती आणि शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती. तो वास मला अजून बरा वाटतो.